कोसावाल्याची कोळशाची लेक

जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया वेगळं झालं, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. आमचं आंधळगाव भंडाऱ्यातच राहिलं. वडिलांचा कोशाचा धंदा होता. जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर रेशमाचे किडे पाळणारे लोक थंडीत पोत्यांतून कोसे घेऊन यायचे. वडील ते विकत घ्यायचे, गावातल्या बाया ते उकळून धागा काढायच्या, आणि धागा विणकरांच्या मागावर जायचा. आमच्या घराला कायम उकळलेल्या कोशांचा वास असे. पाहुण्यांना तो सहन होत नसे आणि आम्हाला तो येतच नसे.

मी नागपुरात भूगर्भशास्त्र शिकले. मग शिष्यवृत्ती मिळाली आणि युरोपात, आल्प्स पर्वतातल्या एका दरीत, कोळशाच्या खडकांचा अभ्यास करायला गेले. आमच्याकडच्या बोलीत ळ चा र होतो, डोळ्याचा डोरा आणि कोळशाचा कोरसा. त्यामुळे गावात घोटाळा झाला. "बाप कोसा करते, लेक कोरसा करते," असं कोणीतरी गमतीनं म्हटलं, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते दोन्ही एकच वाटलं. माझ्या एका मावशीची बराच काळ अशी समजूत होती की मी बर्फाच्या देशात रेशमाचे किडे पाळते. तिनं फोनवर विचारलं होतं, "थंडीनं मरत नाही का व ते?"

वडिलांना तेवढं कळत होतं की मी कोळशाचं काहीतरी करते. कोळसा म्हटला की त्यांच्या डोळ्यांसमोर उमरेड, चंद्रपूर, मोठमोठ्या खाणी, साहेब, जीप. त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पोरगी कोळशाची अधिकारी होणार. मी एकदा-दोनदा दुरुस्त करायचा प्रयत्न केला. मग सोडून दिलं, कारण मी नक्की काय होणार होते ते मलाही माहीत नव्हतं.

त्या दरीत खाणी होत्या, पण सगळ्या बंद पडलेल्या. बोगद्यांची तोंडं दगडांनी बुजवलेली, फटींतून नारिंगी पाणी झिरपत असे. मी जिच्याकडे खोली घेऊन राहायचे त्या म्हातारीचे वडील उन्हाळ्यात गाई राखायचे आणि हिवाळ्यात गोठ्यामागच्या भोकात शिरून कोळसा काढायचे. गावातले बहुतेक शेतकरी तसंच करायचे. तो कोळसा चमकदार, कडक, लवकर न पेटणारा. खाली भरपूर लाकूड घातल्याशिवाय त्याला आगच लागत नसे, असं ती सांगायची, आणि सांगताना अजून त्या कोळशावर चिडल्यासारखी दिसायची.

कोळसा असलेले ते थर तीस कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथं पर्वत नव्हता, दलदलीचं रान होतं. झाडं पडली, गाळात दबली, त्यांचा कोळसा झाला. नंतर केव्हातरी पर्वत उभा राहताना हे सगळे थर दुमडले गेले, वाकले, काही ठिकाणी पुस्तकं कपाटात लावतात तसे उभे राहिले. कुठं कुठं काळ्या पाटीसारख्या दगडावर नेच्याची पानं उमटलेली सापडतात. आणि ती पानं पांढरी असतात, खडूनं काढल्यासारखी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ तिथंच बसून राहिले होते.

माझं काम नकाशा करायचं. कुठला थर कुठून कुठं जातो, कोणावर कोण आहे. पहिला उन्हाळा मी झपाटल्यासारखी चालले. दुसऱ्या उन्हाळ्यात नकाशा जवळजवळ पूर्ण झाला, आणि तिथंच सगळं बिघडलं. दरीच्या पूर्व बाजूला जो क्रम मिळत होता, तो पश्चिमेला मिळेना. मी कोळशाचे दोन वेगवेगळे पट्टे काढले होते. माझ्या मार्गदर्शकांनी नकाशा टेबलावर पसरला, चष्मा काढला, आणि विचारलं, "हे दोन आहेत कशावरून? एकच पट्टा घडी पडून दोनदा दिसत असेल तर?" मग त्यांनी पश्चिमेच्या भागावर बोट ठेवलं. "इथं वरची बाजू कोणती?"

वरची म्हणजे आकाशाकडची नव्हे. थर साचला तेव्हा जी बाजू वर होती ती. घडी पडली की ती खाली जाऊ शकते. मी म्हटलं, "वर आहे तीच." ते म्हणाले, "कशावरून?" मी ते गृहीत धरलं होतं. ते रागावले नाहीत. बर्फ पडायला लागला होता, खडक झाकले जाणार होते, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही करता येणार नव्हतं. ते म्हणाले, घरी जाऊन ये.

अशी मी घरी आले. कोणाला काही सांगितलं नाही. वडील मला आणायला नागपूरला आले होते आणि परतीच्या वाटेवर दोनदा चहासाठी थांबून दोन्ही टपरीवाल्यांना सांगून मोकळे झाले होते की पोरगी कोळशातली आहे.

घरी आल्यावर मी नुसती झोपायचे. आईला वाटलं तिकडे खायला मिळत नाही. वडिलांना वाटलं मला तिकडचं कोणी आवडलं आहे आणि सांगायची हिंमत होत नाही. मी दुपारी अंगणात बसून दोन कागद एकमेकांवर ठेवून दुमडायचे, उलटायचे, परत उघडायचे. एकदा वडिलांनी पाहिलं.

"तू तिकडे करून काय राहिली, हे मले एकदा नीट सांग," ते म्हणाले.

मी आत जाऊन विक्रीसाठी ठेवलेलं एक कोशाचं लुगडं आणलं आणि त्यावर दुसरं ठेवलं. "हे खालचं जुनं, हे वरचं नवीन. आता पाहा." मी दोन्ही मिळून मध्ये घडी घातली. "आता इथं जुनं वर आलं, नवीन खाली गेलं. पण बाहेरून पाहणाऱ्याले काय दिसते?"

वडिलांनी लुगडं हातात घेतलं, घडीवरून अंगठा फिरवला. "चुरगाळलं न तू. हे आता इस्तरी केल्याशिवाय कोणी घेईन का?"

"बाबा, मी काय सांगून राहिली?"

"समजलं मले. जुनं वर, नवीन खाली. पण मंग कोरसा कुठं आहे त्यात?"

मला हसूही आलं आणि रडूही. आईनं आतून विचारलं काय झालं म्हणून. वडील म्हणाले, "काही नाही. हे कपडा दुमडून राहिली."

त्याच आठवड्यात बपेऱ्याकडून एक माणूस कोसे घेऊन आला. बपेऱ्याच्या अलीकडे जंगलाला लागून एक छोटी टोली आहे, पाच-सात घरांची. हा तिथला. एरवी तलावात मासे धरायचा, हंगामात जंगलात कोसे करायचा, आणि वडिलांनाच द्यायचा. पोतं उतरवून झाल्यावर त्यानं पिशवीतून एक काळा दगड काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"बाई, तुमी कोरश्याच्या ना? हे पाहा. हिरीत निघालं."

धान निघाल्यावर त्यानं घरामागे विहीर खणायला घेतली होती. पाणी लागायच्या आधी हा काळा दगड लागला. मी उचलला. बोटं काळी झाली. दगड कोळशापेक्षा जड वाटला. आमच्याकडे तुमसरच्या बाजूला मॅंगनीजच्या खाणी आहेत, तो दगडही काळा, पण तो हातात घेतला की खांदा ओढला जातो इतका जड. हा तेवढा नव्हता. मी उन्हात धरून फिरवला. चमकत होता.

"मी जागा पाहिल्याशिवाय काही सांगणार नाही," मी म्हटलं.

वडील लगेच म्हणाले, उद्या सकाळीच जाऊ. मला नंतर समजलं, ते कितीतरी दिवस याच गोष्टीची वाट पाहत होते की कोणीतरी पोरीला कोळशाचं विचारायला यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोटरसायकलवर निघालो. टोलीवर पोचलो तर आमच्या आधीच लोक जमलेले. आजूबाजूच्या गावांतूनही आले होते. विहिरीभोवती काळ्या दगडांचा ढीग, आणि ढिगाशेजारी एक म्हातारी उकिडवी बसलेली. ती त्या माणसाची सासू. तिचं गाव वैनगंगेकाठी होतं. गोसीखुर्दच्या धरणात ते गेलं, नव्या वसाहतीत तिचा जीव रमला नाही, म्हणून ती लेकीकडे येऊन राहिली होती. हे मला तिनंच सांगितलं, मी गाडीवरून उतरते न उतरते तोच.

"तू सरकारची का व?" तिनं विचारलं.

"नाही आजी."

"मंग कायले आली?"

जावई मध्ये पडला. "मीच बलावलं बाईले. तू चूप बस."

त्याला तो कोळसा हवा होता. त्याच्या डोळ्यांत दिसतच होतं. शेजारी उभे असलेले दोघे-तिघे त्याला आधीच खाणीचा मालक म्हणून चिडवत होते. आणि म्हातारीला तो कोळसा नको होता. कोळसा निघाला की मोजणीवाले येतील, खुणा करतील, आणि मग परत सामान बांधायचं. तिनं हे एकदा पाहिलं होतं.

मी दोर धरून विहिरीत उतरले. दोन पुरुष खोल असेल. खाली गारवा होता, पायाखाली चिखल. भिंतीला हात लावला आणि मी क्षणभर गोंधळून गेले, कारण थर उभे होते. तिकडच्या दरीत असतात तसेच, काळे, उभे, पातळ पानांचे. वर पाहिलं तर आभाळाचा गोल तुकडा आणि त्यात डोकावणारी डोकी. मी कुठं आहे तेच कळेना. सवयीनं मनात प्रश्न आला, वरची बाजू कोणती? मग वाटलं, अगं, इथं तुला हे कोणी विचारलेलं नाही. इथं विचारलं आहे ते एवढंच की हे जळतं का.

वर येऊन मी म्हटलं, "चूल पेटवा."

चूल पेटली. गोवऱ्यांवर दोन-तीन तुकडे ठेवले. सगळे वाकून पाहायला लागले. थोड्या वेळानं एका तुकड्यातून फट्ट असा आवाज आला आणि तो फुटला.

"पेटला! पेटला!" जावई ओरडला.

"पेटला नाही, फुटला," मी म्हटलं. "दगडातलं पाणी तापलं की फुटते."

"पण जाळ पाहा ना बाई, केवढा निघून राहिला!"

"तो गोवरीचा आहे."

मागून कोणीतरी म्हटलं, परवा रात्री शेकोटीत टाकला तेव्हा चांगला लाल झाला होता. दुसरा म्हणाला, लाल त लोखंडबी होते. त्यावर दोघांचं जुंपलं. मी चिमट्यानं तुकडे बाहेर काढले. होते तसेच होते, राख नाही, आकार कमी झालेला नाही. मी म्हटलं, "हा कोरसा नाही."

म्हातारी उठून माझ्याजवळ आली. "खरं सांगून राहिली ना माय?"

"खरं सांगते आजी. इथला दगड लय जुना आहे. कोरसा झाडापासून होते. हा दगड झाला तेव्हा जगात झाडंच नव्हती."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे. "झाडंच नवते, त मंग हे कारं कायचं?"

मला उत्तर अर्धवट येत होतं. मी म्हटलं, "असेल पाण्यातलं शेवाळ वगैरे. चिखलात दबलं असेल."

"मंग हे आहे काय?" जावयानं विचारलं. "कोरसा नाही, मॅंगनीज नाही. नाव काय ह्याचं?"

"मले माहीत नाही."

वडील माझ्यामागे उभे होते, त्यांनी घसा साफ केला. कोणीतरी हळूच हसलं. जावयानं चुलीतल्या गोवऱ्या पायानं मागे सरकवल्या. मी एक तुकडा पिशवीत टाकला, म्हटलं, नागपूरला मैत्रिणीकडे पाठवते, ती तपासून सांगेल. पण आता माझं कोणी ऐकत नव्हतं. चहा कोणी विचारला नाही. आमच्या भागात असं सहसा होत नाही. निघताना जावई वडिलांना एवढंच म्हणाला, "बुढीकडे पाहून बाई बदलल्या, भाऊ. मी समजलो."

मी खरंच तिच्याकडे पाहून बोलले होते का? तो कोळसा नव्हताच, त्यात मला शंका नव्हती. तरी गाडीवर बसल्यावर मी मनातल्या मनात सगळं परत तपासायला लागले, आणि जितकं तपासलं तितकी मी कमी ठाम होत गेले.

तुमसरच्या अलीकडे वडिलांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. पळसाच्या झाडाखाली उभे राहिलो. ते बराच वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत होते.

"सगळ्याइसमोर 'माहीत नाही' म्हणाची काय गरज होती?" शेवटी ते म्हणाले. "काही एखादं नाव सांगून द्याचं."

"माहीत नव्हतं म्हणून नाही सांगितलं."

"इतके वर्ष शिकून?"

"हो."

"तिकडचं तरी समजते का तुले?"

मी नाही म्हणाले. आणि एकदा नाही म्हटल्यावर मग सगळंच बाहेर आलं. नकाशा, दोन पट्टे की एक, वरची बाजू, मार्गदर्शकांनी काढलेला चष्मा. दुसरा उन्हाळा वाया गेला आहे, कदाचित पहिलाही. पुढच्या उन्हाळ्यात काय पाहायचं तेच मला समजत नाही. मी तेच खडक इतक्या वेळा पाहिले आहेत की आता ते मला दिसतच नाहीत.

वडिलांना यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "तो तुझा सर चांगला आहे का? छळत तर नाही?"

"चांगला आहे."

"मंग परत जाऊन पाह्य. समजलं त समजलं. नाही समजलं त येऊन जाय." त्यांनी गाडीला किक मारली. "लोकायले काहीतरी सांगून देऊ."

नागपूरहून मैत्रिणीचं उत्तर आलं. तो शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा खडक होता, त्यात ग्राफाइट, मी म्हटलं त्याच जातीचं जुनं, दबलेलं, भाजलेलं काहीतरी. ग्राफाइट अगदी थोडं, उपयोग काही नाही. मी वडिलांना समजावून सांगितलं की शिसपेन्सिलीत असतं ते. वडिलांनी टोलीवर निरोप धाडला, आणि निरोप पोचेपर्यंत त्याचं असं झालं की विहिरीत पेन्सिल निघाली. काही दिवस तिथं पेन्सिलीच्या कारखान्याची बोलणी चालली म्हणे. दुसरीकडे माझं शेवाळाचं वाक्य फिरत होतं. बाजारात एक माणूस आईला थांबवून विचारून गेला की तलावातलं शेवाळ वाळवून चुलीत घातलं तर चालेल का, तुमच्या पोरीनं सांगितलं आहे.

त्या हंगामात बपेऱ्याकडचे कोसे आमच्याकडे परत आले नाहीत. तो माणूस दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेला. वडील मला काही बोलले नाहीत. आईकडून कळलं.

उन्हाळ्यात मी दरीत परतले. बर्फ वितळून ओहोळ वाहत होते, गाई वर कुरणात निघाल्या होत्या. मी पश्चिमेच्या भागात रोज जायचे आणि संध्याकाळी तशीच परत यायचे. काय शोधते आहे तेच ठरत नव्हतं. कधी वाळूच्या कणांची जाडी पाहायचे, कधी लाटांच्या खुणा. एका दिवशी ठरवायचे थर सरळ आहेत, दुसऱ्या दिवशी उलटे आहेत. मार्गदर्शक आठवड्याला एकदा यायचे, माझं ऐकून घ्यायचे, आणि "बरं" म्हणून खाली उतरायचे. त्या "बरं" चा मला राग यायचा.

मग एक दिवस पाऊस आला. मी एका कपारीखाली अंग चोरून बसले. कपारीचा खडक माझ्या ओळखीचा होता, त्याचा फोटो माझ्याकडे आधीच्या दोन्ही उन्हाळ्यांतला होता. कोळशाचा एक हातभर जाडीचा पट्टा आणि त्याच्या वर राखाडी दगड. पाऊस थांबला, ओल्या दगडावर तिरपं ऊन पडलं, आणि त्या राखाडी दगडात मला बारीक काळ्या रेषा दिसल्या. केसांसारख्या, फाटे फुटलेल्या. कोळशातून निघून वर आभाळाकडे गेलेल्या.

ती मुळं होती. दलदलीतल्या झाडांची मुळं. कोळसा म्हणजे त्या झाडांचा पाला, खोडं, साल. मुळं नेहमी त्याच्या खालच्या मातीत असणार. झाड कधी आभाळात मूळ धरत नाही. इथं मुळं कोळशाच्या वर होती. म्हणजे ज्याला मी वर समजत होते ते खाली होतं. अख्खा तो डोंगर पालथा पडलेला होता, आणि मी त्याच्या तळव्यांवरून दोन उन्हाळे चालले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आधी चक्कर आल्यासारखं झालं. मी खाली गवताला घट्ट धरून बसले, जणू सगळं आता सरळ व्हायला लागलं तर मी पडेन. नंतर वही काढली आणि चित्र काढलं.

त्या मुळांमुळे अर्धा नकाशा सुटला. दोन पट्टे एकच होते. मार्गदर्शक वर चढून आले, गुडघ्यावर बसून त्यांनी त्या रेषा भिंगातून पाहिल्या, आणि पहिल्यांदाच "बरं" म्हणाले नाहीत. माझा हात हातात घेऊन हलवला. पण उत्तरेकडचा एक तुकडा शेवटपर्यंत सुटला नाही. तिथं मुळं खालीही मिळाली आणि वरही. प्रबंधात मी तसं लिहिलं, आणि परीक्षकांनी तसंच मान्य केलं. आजही कोणी विचारलं तर मला त्या तुकड्याबद्दल काही सांगता येत नाही.

मुळं दिसली त्याच संध्याकाळी मी घरी फोन केला होता. "बाबा, समजलं. डोंगर उलटा होता."

"कोण उलटा?"

"डोंगर. मुळं वर निघाली."

"झाडाची मुळं वर?" मग आईला सांगताना ऐकू आलं, "झाड उलटं निघालं म्हणे. बरी आहे ती. हसून राहिली."

पुढच्या थंडीत मी आले तेव्हा एकटीच एसटीनं बपेऱ्याकडे निघाले. वडिलांना सांगितलं नाही. तुमसरला गाडी बदलली. माझ्या पुढच्या बाकावर दोन बाया बसल्या होत्या, एक दुसरीला सांगत होती. बपेऱ्याजवळ म्हणे एक मोठी सायबीन आली होती, विलायतेची. तिनं विहिरीत उतरून पाहिलं. खाली कोरसा आहे, पण तो उलटा आहे, मुळं वर करून. म्हणून सरकारले काढता येत नाही.

"उलटा मंजे?" दुसरीनं विचारलं.

"आता ते तिले माहीत," पहिली म्हणाली.

मी सांगायला पुढे वाकले. कुठून सुरुवात करायची? दरी वेगळी, टोली वेगळी, कोळसा तिथला, शेवाळ इथलं. माझा थांबा आला तोपर्यंत मी वाक्यच जुळवत होते.

टोलीवर जावई घरी नव्हता, तलावावर गेला होता. म्हातारी ओट्यावर जाळं विणत बसली होती. तिनं मला लगेच ओळखलं. विहिरीला आता पाणी होतं, काठ बांधून झाला होता. काळे दगड त्यांनी त्याच काठाला लावून टाकले होते. लेकीनं तांब्याभर पाणी आणून दिलं. मी प्यायले.

"आता आमाले उठवनार नाही ना कोनी?" म्हातारीनं विचारलं.

"कोरश्यासाठी तरी नाही, आजी."

"तरी मंजे?"

दुसऱ्या कशासाठी कोणी येणार नाही, हे मी कसं सांगणार होते? जंगल होतं, नदी होती, रस्ता रुंद होणार असं ऐकलं होतं. "मले एवढंच सांगता येते," मी म्हटलं.

तिनं परत जाळ्यात सुई घातली. "बरं," ती म्हणाली. "बस. जेवून जाशीन. तो येते आता मासोऱ्या घेऊन."

मी बसले. जावई उन्हं उतरताना आला. मला पाहून दारातच थबकला, मग टोपली खाली ठेवून हात धुतले. जेवताना कोळशाचा विषय कोणी काढला नाही. त्यानं फक्त तिकडच्या थंडीबद्दल विचारलं, आणि तिथल्या तलावांत कोणते मासे असतात ते. मी म्हटलं, मला नावं माहीत नाहीत. या वेळी तो हसला आणि माझ्या ताटात अजून एक मासा वाढला.